अंदाजाचा रकाना

सरांच्या क्लासमध्ये तीन कॉम्प्युटर होते आणि तिन्हींच्या कीबोर्डवर, एंटरच्या बटणावर, काडेपेटीचा आतला खण पालथा घातलेला असायचा. आज्ञा टाइप करायची, हात मांडीवर घ्यायचे, आता काय होईल ते वहीत लिहायचं आणि मगच तो खण उचलून एंटर दाबायचं. कोणी न लिहिता खण उचलला की सर पाठमोरे असले तरी त्यांना कळायचं.

"ठेवा. खाली ठेवा तो. गाडी सुटायली का तुमची?"

वहीला चार रकाने असत. कुठे उभे आहात, काय सांगितलं, काय होईल, काय झालं. पेन्सिल चालत नसे. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. पानांवर सर स्वतः आकडे घालून देत. दोनशे ओळी भरल्या की ते वही घरी नेत, वाचत आणि मग सर्टिफिकेटवर सही करत. पाटीवर कोर्स तीन महिन्यांचा लिहिला होता, पण कोणाचा दोन महिन्यांत व्हायचा आणि सिव्हिलचा एक डिप्लोमावाला वर्ष होत आलं तरी येतच होता. त्याच्या वहीत तिसरा आणि चौथा रकाना क्वचितच जुळत. सर ती वही नव्या पोरांना कौतुकाने दाखवत. "बघा, हा माणूस शिकायलाय."

मला हे कौतुक अजिबात समजत नसे.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. बाजार नुकता खुला झाला होता आणि हैदराबादच्या हिमायतनगरात दर महिन्याला एखादी नवी पाटी लागायची. वर दोन खोल्यांत कॉम्प्युटर, खाली झेरॉक्स. सरांची जागा आतल्या गल्लीत होती. पुढच्या खोलीत सात टाइपरायटर, मागच्या खोलीत काळ्या पडद्याचे तीन कॉम्प्युटर, आणि त्यांच्यासाठी एक खडखडणारा एसी. चपला बाहेर काढाव्या लागत. चपलांवर, दिव्यांवर आणि बॅटरीवर यादगिरीचं लक्ष असे. यादगिरी हा पन्नाशीचा शिपाई. लाइट गेली की बॅटरी किंचाळायला लागायची आणि तो दारातून ओरडायचा, "दस मिनट! सेव करलो, दस मिनट!"

सर मूळचे उदगीरकडचे. त्यांच्या मराठीत मराठवाडा आणि हैदराबाद असे शेजारी बसलेले असत की मधली भिंत सापडायची नाही. कॉम्प्युटर ते कोणत्याही कॉलेजात शिकले नव्हते. एका कापडगिरणीत त्यांनी बॉयलर सांभाळले होते. गिरणी बंद पडली तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. त्यांनी कोणाच्या तरी ओळखीने एक जाडजूड इंग्रजी मॅन्युअल मिळवलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. एखाद्याने पोथी वाचावी तसं नव्हे, नवं यंत्र बसवणारा फिटर वाचतो तसं. करून बघत.

गिरणीतून त्यांनी एकच वस्तू आणली होती. दाब मोजायचं पितळी, गोल मीटर. ते टेबलावर कागदांवर वजन म्हणून असे. नवा माणूस आला की त्याला ते घड्याळ वाटायचं. एकदा एका मुलीचे वडील बराच वेळ त्याकडे बघून म्हणाले, "सर, तुमचं घड्याळ बंद आहे." सर म्हणाले, "हौ. दाबच नाही." गृहस्थांनी मान हलवली, जणू उत्तर मिळालं.

बॉयलरवाले मीटर वाचण्याआधी त्याच्या काचेवर नखाने टिचकी मारतात. काटा अडकला असेल तर हलावा म्हणून. सर कॉम्प्युटरच्या पडद्यावरही तशीच टिचकी मारत. दोनदा. मगच वाचत. पडद्यात हलण्यासारखं काही नसतं हे त्यांना माहीत होतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "काचेसाठी नाही बाई. माझ्यासाठी. टिचकी मारली की मी जागा होतो."

ज्यांनी तो काळा पडदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा चित्रं नव्हती, बोट ठेवायला काही नव्हतं. पडद्यावर एक ओळ असे आणि तिच्या टोकाशी एक रेघ लुकलुकत असे. डिस्क म्हणजे खोल्यांत खोल्या असलेली इमारत. तुम्ही कोणत्या खोलीत आहात ते त्या ओळीत लिहिलेलं असे. तुम्ही हुकूम लिहायचा, यंत्राने तो पाळायचा. सरांनी हुकमांना मराठी करून टाकलं होतं. डिर म्हणजे बघ. सीडी म्हणजे जा. एमडी म्हणजे खोली बांध. आरडी म्हणजे खोली पाड, पण ती रिकामी असेल तरच पाडता येते. कॉपी म्हणजे नक्कल ठेव. डेल म्हणजे पुसून टाक. फॉरमॅट म्हणजे कोरी फ्लॉपी, ती खिशात मावणारी डिस्क, वापरायला तयार कर.

त्यांचा खरा भर मात्र पहिल्या रकान्यावर होता. वर्गात शिरताच ते कोणालाही विचारायचे, "कुठे उभे आहात?"

डिप्लोमावाला पहिल्या दिवशी म्हणाला होता, "इथंच सर, हिमायतनगरला."

"ते मला दिसायलंय. यंत्रात कुठे?"

त्यांचं म्हणणं असं की हुकूम सहसा चुकत नाही. माणूस चुकीच्या जागी उभा असतो. सगळं पुसून टाक हा हुकूम कचऱ्याच्या खोलीत दिला तर साफसफाई, कामाच्या खोलीत दिला तर सत्यानाश. अक्षरं तीच. "घरातही बघा," ते म्हणत, "बायकोचं बोलणं बरोबरच असतं. माणूस त्या वेळी कुठे उभा असतो, त्यावर भांडण ठरतं."

दुसरी गोष्ट गप्प बसण्याची. पुसून टाक म्हटलं की यंत्र पुसतं आणि काहीच बोलत नाही. नवी पोरं घाबरून पुन्हा एंटर दाबत. सर म्हणत, "गप्प आहे म्हणजे झालं काम. बोलायला लागलं की समजा काही बिघडलंय. बॉयलर असाच असतो." आणि लगेच: "पण गप्प आहे म्हणून बघायचं सोडू नका. डिर करा. डोळ्यांनी बघा."

पुढे समोरच्या इमारतीत चित्रांचे कॉम्प्युटर आले. पोरं तिकडे जायला लागली. सरांनी ना शिव्या दिल्या ना सुस्कारे सोडले. एका दुपारी ते स्वतः तिकडे गेले, तासभर बसून आले आणि म्हणाले, "चांगलं आहे. हाताला सोपं आहे. फक्त कुठे उभे आहात ते विचारत नाही, एवढं तुम्ही स्वतःला विचारा." वर्षभरात त्यांनीही ते आणले. माउसवर काडेपेटी बसेना म्हणून त्यावर रुमाल टाकायचे. वही तीच, रकाने तेच.

माझं सांगायचं तर मला याद्या करायची सवय लहानपणापासून आहे. काम लिहायचं, झालं की पुढे बरोबरची खूण करायची. त्या क्लासमध्ये मी शिरले तेव्हा माझ्या यादीत वर एकच ओळ होती: नोकरी. बाबा दोन महिन्यांत निवृत्त होणार होते. गौलीगुड्याची भाड्याची जागा सोडून सगळ्यांनी देगलूरला, शेतावरच्या घरी जायचं ठरलं होतं. मला नोकरी लागली तर मी तारनाक्याला आत्याकडे राहणार होते. नाही लागली तर देगलूर. देगलूर वाईट नव्हतं. पण तिथे मी काय करणार ते सगळ्यांना आधीच माहीत होतं, मला सोडून.

मी सात आठवड्यांत दोनशे ओळी भरल्या. वही अशी सुंदर की बघत राहावं. रेघा पट्टीने मारलेल्या, आणि तिसरा रकाना चौथ्याशी दोनशे ठिकाणी तंतोतंत जुळलेला. कसा जुळला ते सांगते. सर पुढच्या खोलीत गेले की मी खण हळूच उचलून एंटर दाबायची, काय होतं ते बघायची आणि मग दोन्ही रकाने एकदम भरायची. फसवायचं म्हणून केलं नाही. चुकीची ओळ वहीत कायमची राहणार हे मला सहन होत नव्हतं, म्हणून केलं.

आबिड्सच्या एका औषधं निर्यात करणाऱ्या कंपनीतून मुलाखतीचं पत्र आलं. सोमवारी, सर्टिफिकेट घेऊन या. मी गुरुवारी सकाळी सरांपुढे उभी राहिले.

त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. "बाई, ही वही कोणाची?"

"माझी, सर."

"दोनशे ओळी. दोनशे बरोबर. मग तुम्ही इथे कशाला आलात? आम्हाला शिकवायला?"

त्यांनी वहीवर बोट ठेवलं.

"बारा वर्षं वाफ सांभाळली मी. एवढा बरोबर अंदाज मला एका दिवसाचासुद्धा आला नाही. ही वही माझ्या सहीची नाही."

मी सोमवारचं सांगितलं. देगलूरचं सांगितलं, आत्याचं सांगितलं. आवाज चढला असावा, कारण पुढच्या खोलीतली टकटक थांबली. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे मला आधी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर सही केली असती?"

"नाही. वही लवकर वाचली असती. तुम्हाला चार दिवस जास्त मिळाले असते."

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "सर, कॉपी येते मला, फॉरमॅट येतं, सगळे हुकूम पाठ आहेत. बसवून बघा. अंदाज खरा लिहिला काय आणि नंतर लिहिला काय, काय फरक पडतो?"

सरांनी हाक मारली. "यादगिरी, इकडे ये रे. बस."

यादगिरी बसला नाही. दाराला टेकून उभा राहिला.

सर सांगायला लागले. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी एक उभी काच असते. दर अर्ध्या तासाला ती बघायची आणि वहीत लिहायचं. पाणी रोज तेवढंच असे. वर्षभर बघून त्यांना आकडा पाठ झाला. मग ते पाळीच्या सुरुवातीलाच आठ तासांचे आकडे एकदम लिहून ठेवायला लागले. वही सुंदर दिसायची. मॅनेजर इतरांना ती दाखवायचा.

"एक दिवस दुपारी बाराला पंप अडकला. काचेत पाणी उतरलं. माझ्या वहीत मात्र भरलेलं होतं. पाळी संपेपर्यंतचं."

"बारा नहीं साब," यादगिरी म्हणाला, "ग्यारा. मैं खाना नहीं खाया था तब तक."

"हौ, अकरा." सरांनी मान डोलावली. "पाणी फार उतरलं की बॉयलरच्या पोटातलं एक शिशाचं बूच वितळतं आणि वाफ आगीवर येते. आग विझावी म्हणून तशी सोयच असते. त्या वेळी भट्टीच्या तोंडाशी हा होता."

यादगिरीने शर्टाची बाही कोपरापर्यंत वर केली, मला दाखवली आणि परत खाली घेतली. दुकानदार कापड दाखवतो तितक्या सहज. "हाथ बच गया," तो म्हणाला. "साब को मैं बोला, जाने दो. वो नहीं जाने देते. बाइस साल हो गए, अब भी बोलतेच रहते."

मग तो बाहेर गेला, कारण चपलांपाशी कोणीतरी आलं होतं.

सरांनी एक नवी वही काढली, पानांवर आकडे घातले. "शनिवार संध्याकाळपर्यंत वीस ओळी. जास्त नकोत. खऱ्या आणा, सही करतो."

घरी भांडी पोत्यांत भरायचं काम चालू होतं. आईने विचारलं, "काय पाहिजे म्हणं त्या मास्तराला?"

"चुका पाहिजेत."

"मग कर की दोन-चार! त्यात काय एवढं रडायचं?"

मला ते पटलं. व्यवहाराचं होतं. शुक्रवारी मी दहा ओळी लिहिल्या आणि त्यांत तीन चुका योग्य अंतरावर पेरल्या. तिसरी, सहावी, नववी. सर संध्याकाळी वही घेऊन बसले आणि त्याच तीन ओळींवर त्यांनी लाल रेघ मारली.

"ह्या केलेल्या आहेत. झालेल्या नाहीत."

"कशावरून?"

"चूक झाली की माणसाचं अक्षर हलतं. हे छापल्यासारखं आहे." त्यांनी वही मिटली. "आता उरल्या तेरा. बाई, ऐका. यापुढे एक जरी बनावट ओळ दिसली, तर सोमवार विसरा. मी विनोद करत नाही."

शनिवारी सकाळी मी घरीच दिवसाची यादी केली. नवी फ्लॉपी, ती फॉरमॅट करणे, तिच्यावर पत्रांची खोली बांधणे, सरावासाठी लिहिलेल्या अकरा पत्रांची नक्कल तिथे ठेवणे, तपासणे. पहिल्या तीन कामांपुढे मी बसची वाट बघतानाच बरोबरच्या खुणा करून टाकल्या. ती कामं रोजचीच होती. करणार तर होतेच.

दुपारपर्यंत बारा ओळी झाल्या, बाराही खऱ्या. दोन अंदाज थोडे चुकले होते आणि ते लिहिताना मला घाम फुटला होता, पण सरांनी येता जाता बघून काही म्हटलं नव्हतं. शेवटची ओळ उरली. फ्लॉपी फॉरमॅट होत असतानाच लाइट गेली, बॅटरी किंचाळली, यादगिरी दस मिनट ओरडला, लाइट परत आली. फॉरमॅट पुन्हा पहिल्यापासून केलं. मग मी यादीकडे पाहिलं. तीन कामांपुढे खुणा होत्या. चौथं काम हातात घेतलं.

कुठे उभे आहात: माझ्या खोलीत. काय सांगितलं: सगळ्या पत्रांची नक्कल फ्लॉपीवरच्या पत्रांच्या खोलीत ठेव. काय होईल: अकरा फायली कॉपी होतील. खण उचलला, एंटर दाबलं.

फ्लॉपी कुरकुरली. अकरा पत्रांची नावं एकाखाली एक आली. सगळ्यांत खाली यंत्राने लिहिलं: एक फाइल कॉपी झाली.

एक.

मी डिर केलं. फ्लॉपीवर पत्रांची खोली नव्हतीच. मी ती बांधलेलीच नव्हती. खोली नाही म्हटल्यावर यंत्राने त्या नावाचा एक कागद केला होता आणि अकराही पत्रं त्यावर एकाखाली एक चिकटवली होती. उघडून पाहिलं तर एका पत्राच्या 'आपली विश्वासू'ला लागूनच दुसऱ्या पत्राचं 'महोदय'. यंत्र काही चुकलं नव्हतं. हुकूमही बरोबर होता.

मूळ पत्रं जागच्या जागी होती. तो चिकटलेला कागद पुसून, खोली बांधून, पुन्हा नक्कल केली असती तर मिनिटभराचं काम. चौथा रकाना अजून कोरा होता. सर पुढच्या खोलीत टाइपिंगच्या पोरींची वेगाची परीक्षा घेत होते. त्यांची घंटी मला ऐकू येत होती. आणि अडचण ही की आदल्याच दिवशी मी तीन चुका बनवून पकडली गेले होते. विसावी ओळ, नेमकी शेवटची, आणि नेमकी तिच्यातच एवढी ठसठशीत चूक. मी सरांच्या जागी असते तर मला ती बनावटच वाटली असती. नीट ओळ लिहिली तर सही नक्की होती. खरी लिहिली तर देगलूरची शक्यता होती.

माझी यादी वहीशेजारी उघडी होती. सकाळच्या तीन खुणा, तिन्ही सुबक. मला त्या खुणांची लाज वाटली नाही, भीती वाटली. अशा किती खुणा मी आजवर केल्या असतील, आणि काम झालं की नाही ते कधी वळून पाहिलं नसेल.

मी चौथ्या रकान्यात लिहिलं: एक फाइल कॉपी झाली. खोली बांधलेली नव्हती. यादीत मात्र बांधलेली होती.

सर आले. त्यांनी पडद्यावर दोन टिचक्या मारल्या, वाचलं. वही वाचली. मी यादी पुढे केली.

"ही खूण कधी केली?"

"सकाळी. बसस्टॉपवर."

त्यांनी यादी वाचली. मग मला परत दिली. अगदी हळू, गरम भांडं देतात तशी. आणि पुढच्या खोलीत गेले. एका पोरीला उठवून तिच्या टाइपरायटरवर बसले, छापील सर्टिफिकेट रोलरवर चढवलं आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. त्यांना दहा बोटांनी यायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सर्टिफिकेटवर नेहमीचा मजकूर होता. त्याखाली एक ओळ जास्तीची होती. इंग्रजीत. अर्थ असा, की यांच्या हातून चूक झाली तर या स्वतः सांगतात.

"सर, ही ओळ..."

"काय झालं?"

"त्यांना वाटेल मी चुका करते."

"मग? करत नाही?"

सोमवारी मॅनेजरसाहेबांनी ते सर्टिफिकेट दोनदा वाचलं. स्थूल, हसरे तेलुगू गृहस्थ. बोलायचे ते हैदराबादी हिंदीत. "ये क्या लिखे जी तुम्हारे सर? ऐसा तो मैं पहली बार देख रहा हूँ. कितनी गलतियाँ करते तुम?"

मी म्हटलं, वीस ओळींत तीन. त्याआधीच्या दोनशे ओळींचं सांगता येणार नाही, ती वही खरी नव्हती.

ते हसायचे थांबले. मला कॉम्प्युटरवर बसवलं, एक काम दिलं. मी हुकूम टाइप केला आणि सवयीने हात मांडीवर घेतले. काय होईल असं मला वाटतं ते सांगितलं, कुठे खात्री नाही तेही सांगितलं आणि मग एंटर दाबलं. खात्री नव्हती तिथेच चुकलं. दुसऱ्यांदा जमलं.

"हर बार ऐसाच बोलते क्या, करने से पहले?"

"हौ जी."

"ठीक है. पहली तारीख को आ जाओ. तीन महीने देखेंगे."

सरांना सांगायला गेले तेव्हा ते एसीच्या खाली बादली सरकवत होते. अभिनंदन वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तीन महिने बघतो म्हणाला? बरोबर आहे. बघायलाच पाहिजे," एवढंच म्हणाले आणि यादगिरीला चहा सांगितला. पुढे कित्येक वर्षं मी दिवाळीला त्यांच्याकडे जात राहिले. ते गेले तेव्हा मी दौऱ्यावर होते. यादगिरीने आत्याच्या घरी निरोप ठेवला होता.

पण त्यांची आठवण म्हटली की मला पहिली तारीख आठवते. आई-बाबा दोन दिवसांपूर्वीच देगलूरला गेले होते. मी तारनाक्याहून वेळेत निघाले, पण बस अर्ध्या वाटेत बिघडली. मी आबिड्सला उतरून धावत जिना चढले. दारातल्या टेबलावर हजेरीपट. माझ्याआधी चौदा जण आले होते आणि चौदाही जण नऊ वाजता. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळ्या शाया. आकडा एकच. माझ्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ.

टेबलामागचे म्हातारे बाबू माझा धपापता श्वास बघून आपुलकीने म्हणाले, "नौ लिख दो अम्मा. सब लिखते."

मी घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं: नऊ वाजून सात मिनिटं. माझं अक्षर हललं होतं.